‘मी येतो’ म्हणणाऱ्या बायका आणि मोजण्याची भीती

पत्र थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या, मराठीत एम. ए. केलेल्या ३६ वर्षांच्या शिक्षिका पीएच.डी.ची तयारी करत आहेत. आपल्या भागातल्या बायका ‘मी येते, मी गेले’ ऐवजी ‘मी येतो, मी गेलो’ म्हणतात, हा त्यांचा विषय. नात्यातल्या ११ जणींचं बोलणं त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलं आहे. विषय मांडायला गेल्या तेव्हा समितीने विचारलं, “किती बायका असं म्हणतात? किती वेळा? कशावरून?” उत्तर देता आलं नाही. गाइडनी संख्यात्मक पद्धती शिकून घ्यायला सांगितलं आहे. बाईंचं गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत: विषय बदलून ओव्यांवर काम करायचं, पैसे घेऊन ‘डेटा अ‍ॅनालिसिस करून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे सगळं सोपवायचं, किंवा पीएच.डी.चा नादच सोडायचा. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “कन्नडमुळे आमची मराठी बिघडली हे मला आकड्यांनी दाखवायचं होतं. पण आपल्या भागात आकडा म्हटला की भांडण, असं घरचे म्हणतात.”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अडचण समजून घ्यायला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुम्ही स्वतःबद्दल लिहिताना जिथे जिथे ‘-तो’ की ‘-ते’, ‘-लो’ की ‘-ले’ अशी निवड करावी लागली, तिथे तिथे मी खूण करत गेलो. अशा २४ जागा सापडल्या. २१ ठिकाणी तुम्ही ‘शिकवते’, ‘घाबरले’, ‘गेले’ असं लिहिलंय. तीन ठिकाणी ‘-लो’ आहे, आणि त्या तिन्ही जागा तुम्ही आईशी झालेलं बोलणं सांगता त्याच परिच्छेदात आहेत. म्हणजे आईच्या परिच्छेदात पाचपैकी तीन, उरलेल्या पत्रात १९ पैकी शून्य.

त्या तिनांतलं एक ‘बसलो’ तुम्ही खोडून ‘बसले’ केलंय. ते कुठे धरायचं? मी पहिलं लिहिलेलं रूप धरलं. तुम्ही दुरुस्त केलेलं धरलंत तर तीनाचे दोन होतील. आता सांगा, या निर्णयात गणित कुठे आलं? बोलताना माणूस आधी काय बोलतो आणि सावध झाल्यावर काय बोलतो, हा भाषेचा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मोजणी नंतरची. आधी काय मोजायचं हे ठरवावं लागतं, आणि संख्यात्मक अभ्यासाचं निम्म्याहून अधिक काम तिथेच होतं.

म्हणून ‘माझं गणित कच्चं आहे, सबब मला हे जमणार नाही’ हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. तुमचं व्याकरण पक्कं आहे का, हे मी आधी विचारेन, आणि ते पक्कं आहे. बघा, ‘मी भाकरी केली’ या वाक्यात बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापद भाकरीच्या मागे जातं. तिथे निवडच नाही, म्हणून ती जागा मोजायची नाही. ‘मी येईन’ला लिंग नाही, तेही सोडा. ‘आम्ही येतो’ बाईपुरुषांना सारखंच, तेही सोडा. ‘हे म्हणाले, मी येतो’ हे नवऱ्याचं वाक्य आहे, ते बाईच्या खात्यात घालू नका. उरतं काय? ‘मी येतो/येते’, ‘आलो/आले’, ‘करत होतो/होते’, ‘जायचो/जायचे’. शिवाय जेवणे, शिकणे, विसरणे यांसारखी क्रियापदं, जी कर्म असलं तरी कर्त्याच्या मागे जातात. ‘जातोय’च्या जागी आपल्याकडचं ‘जाऊलालो’ आलं तर ते याच यादीत घ्यायचं की वेगळ्या रकान्यात लिहायचं, हे आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ही यादी एखादा संख्याशास्त्राचा प्राध्यापक करू शकणार नाही. तुमच्या वर्गातली नववीची हुशार मुलगी कदाचित करू शकेल.

आणि फक्त ‘येतो’ मोजू नका. नव्या अभ्यासकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. कानाला वेगळं लागतं ते आपण टिपतो आणि नेहमीचं सोडून देतो. मग ‘तासाभरात ४० वेळा येतो म्हणाली’ असं वाक्य प्रबंधात येतं, त्याला काही अर्थ नसतो. ४० कितीपैकी? ५० पैकी की ४०० पैकी? ‘येतो’ येऊ शकलं असतं अशी प्रत्येक जागा मोजायची, ते आलं असो वा नसो. समितीने विचारलेला ‘किती वेळा?’ हा प्रश्न खरं तर ‘कितीपैकी?’ असा होता.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्या एका कामाबद्दल सांगतो, कारण ते वाचून माझी स्वतःची भीती गेली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांना न्यूयॉर्कमधले लोक शब्दातला ‘र’ कधी उच्चारतात आणि कधी गिळतात हे पाहायचं होतं. १९६२ साली ते तिथल्या तीन मोठ्या दुकानांत गेले: सॅक्स श्रीमंतांचं, मेसीज मधल्या वर्गाचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. ज्याचं उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ येईल असाच प्रश्न ते विक्रेत्यांना विचारायचे. उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचे, म्हणजे तोच शब्द सावधपणे बोललेलाही मिळायचा. मग दोन पावलं बाजूला जाऊन कागदावर नोंद. असे २६४ लोक झाले. सॅक्समध्ये ‘र’ थोडा तरी उच्चारणारे ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये जेमतेम २०. १९६६ साली हे पुस्तकात आलं. टक्केवारीपलीकडचं गणित त्यात जवळपास नाही. आहे ती प्रश्नाची योजना. (आज माणसांना न सांगता त्यांचं बोलणं टिपणं योग्य मानलं जात नाही. तुम्ही परवानगी घ्या.) तुमच्यासाठी तसा प्रश्न म्हणजे ‘उद्या हळदीकुंकवाला येताय काय?’ त्यावर ‘येतो की’ किंवा ‘येते की’ येणार.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. ब्रिटिश काळात ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. बोलीबोलींचे नमुने म्हणून त्यांनी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून उतरवून घेतली. मोठं काम, आजही उपयोगी पडणारं. पण त्या गोष्टीत बोलणारे कोण? बाप, दोन मुलगे आणि एक नोकर. बाई ‘मी’ म्हणतच नाही. म्हणजे तुमचा विषय त्या गोष्टीतून कधीच दिसला नसता, गावं कितीही वाढवली तरी. काय गोळा करायचं हे ठरवतानाच काय सापडू शकतं हेही ठरून जातं.

आता तुमच्या ११ जणी. ते काम फुकट गेलेलं नाही, पण तो प्रबंधाचा नमुना होऊ शकत नाही. सगळ्या नात्यातल्या, बहुतेक एका वयाच्या, आणि पत्रावरून दिसतं की त्यातल्या एक मावशी सलग दोन तास बोलल्या आहेत. हीच चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या अभ्यासात माझ्याकडे ३०० च्या वर नोंदी होत्या आणि मी मोठ्या विश्वासाने ‘या गावात असं बोलतात’ असं लिहिलं. त्यातल्या २०० नोंदी एकाच गप्पिष्ट आजीच्या होत्या. मी गाव मोजलं नव्हतं, एक आजी मोजली होती. पुढे एका ज्येष्ठ अभ्यासकाने ते दाखवून दिलं तेव्हा दोन रात्री झोप आली नाही. एकाच बाईच्या तोंडून आलेली शंभर वाक्यं म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराच्या शंभर जबान्या. यासाठी ‘मिश्र प्रतिमान’ नावाची रीत आहे, ती प्रत्येक बाईचा स्वतःचा कल वेगळा काढून मग फरक पाहते. ते पुढे शिकाल. तोवर प्रत्येक बाईची वेगळी टक्केवारी काढा आणि त्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

किती बायका लागतील? ‘जिल्ह्यात ४७ लाख लोक, मी एकटी किती जणींना गाठणार’ असं तुम्ही लिहिलंय. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं मोठं आहे म्हणून जास्त शितं चाचपत नाही. मात्र भात नीट हलवलेला पाहिजे. खाली करपलाय आणि आपण वरचंच शीत उचललं तर परीक्षा चुकते. म्हणून संख्येपेक्षा कुठून उचलता ते महत्त्वाचं. एकट्या माणसाला झेपेल अशी योजना सुचवतो: वय दोन गटांत, ३५ च्या आतल्या आणि ५५ च्या पुढच्या. ठिकाणं दोन, खानापूरकडची गावं आणि बेळगाव शहर. आणि कन्नड सहज बोलणाऱ्या व न बोलणाऱ्या. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ खाने झाले. प्रत्येकात सहा जणी, एकूण ४८. शाळेच्या नोकरीतून शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून एका वर्षात होण्यासारखं आहे.

तिसरी विभागणी कन्नडची का, ते सांगतो. तुमचं दुसरं गृहीतक मला तिथेच तपासायचं आहे. ‘कन्नडमुळे आमची मराठी बिघडली हे आकड्यांनी दाखवायचं होतं.’ ताई, जे दाखवायचं ते आधीच ठरलं असेल तर मोजायचं कशाला? आणि ‘बिघडली’ हा शब्द तर कुठल्याच मोजपट्टीवर बसत नाही. तुमची आई ‘मी येतो’ म्हणते तेव्हा तिच्या तोंडून मराठी बिघडत नाही, ती तिच्या आईची मराठी बोलते.

‘बिघडली’ काढून टाकलं की मागे एक चांगला, तपासता येण्यासारखा प्रश्न उरतो. कन्नडमध्ये ‘नानु बरुत्तेने’ हे बाईही म्हणते आणि पुरुषही. ‘मी’च्या क्रियापदाला तिथे लिंग नाही. तेव्हा कन्नडच्या सहवासाने आपल्या बायकांच्या मराठीतला हा भेद पुसट झाला असेल, अशी शंका रास्त आहे. आपल्यापासून लांब नसलेल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली निबंध लिहिला. मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून त्यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ येतात हे त्यात मांडलंय. तो जरूर वाचा. पण दुसरी बाजूही आहे. घरात-दारात कन्नडचा शब्द नसलेल्या कोल्हापूरच्या बायकाही ‘मी जातो’ म्हणतात. मग कन्नड हे आजचं कारण की जुना प्रादेशिक वारसा? कन्नड सहज बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या बायकांत फरक दिसला तर पहिल्या बाजूला वजन येतं. दिसला नाही तर ती बाजू हलकी होते. दोन्ही निकाल प्रबंधात सारख्याच मानाने लिहिता आले पाहिजेत.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या खेड्यांत वयस्क बायका बहुधा कमी शिकलेल्या आणि तरुणी जास्त शिकलेल्या. मग फरक वयाचा की शाळेचा? आपण शिक्षकच मुलींना ‘येतो नव्हे, येते म्हण’ असं शिकवत आलो आहोत. म्हणून शिकलेल्या आज्या आणि शाळा लवकर सुटलेल्या तरुण सुना मुद्दाम शोधा. त्या नमुन्यात नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर या दोन कारणांची गाठ सोडवू शकणार नाही.

‘आकडा म्हटला की भांडण’ या घरच्यांच्या बोलण्याला मी हसत नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा: आपल्याकडे भाषेचा आकडा म्हणजे गाव कोणाचं याचा पुरावा, असंच तीन पिढ्यांनी ऐकलंय. तुम्ही मोजताय ते वेगळं आहे. जनगणना डोकी मोजते आणि प्रत्येक डोक्याला एकच मातृभाषा देते. तुम्ही एकाच बाईच्या बोलण्यातली दोन रूपं मोजताय. हे दारात उभं राहतानाच साध्या शब्दांत सांगा: “मावशी, तुम्ही कुठल्या बाजूच्या हे मी विचारत नाही. तुम्ही बोलता कशा ते ऐकायला आलोय.” हो, ‘आलोय’च म्हणा. शिक्षिका समोर बसली की बायका सावरून, पुस्तकी बोलतात. पालक असतील तर जास्तच. म्हणून शक्यतो दोघीतिघींना एकत्र बसवा, शेवया-पापडाच्या कामात असतील तर उत्तम, आणि तुम्ही कमी बोला. नावं कुठेच लिहू नका, क्रमांक द्या. रेकॉर्डिंग नको म्हणणारीला पुन्हा विचारू नका.

आता थोडं गणित, इथेच करून टाकू. पुढचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेत. समजा ६० बायकांकडून प्रत्येकी एकच उत्तर घेतलं. गावाकडच्या ३० पैकी २१ जणी ‘येतो’ म्हणाल्या, शहरातल्या ३० पैकी १२. एकूण ३३. गाव-शहर फरक नसताच तर दोन्हीकडे साडेसोळा-साडेसोळा ‘येतो’ अपेक्षित होते आणि साडेतेरा-साडेतेरा ‘येते’. प्रत्यक्षात प्रत्येक खान्यात साडेचाराची तफावत आहे. त्या तफावतीचा वर्ग करा, २०.२५. प्रत्येक खान्याच्या अपेक्षित आकड्याने त्याला भागा आणि चारही उत्तरं मिळवा: ५.४५. अशा दोन बाय दोनच्या तक्त्यासाठी नेहमीची मर्यादा ३.८४ आहे. आपला आकडा तिच्यापुढे गेला. याला काय-वर्ग कसोटी म्हणतात. तुम्ही दहावीत यापेक्षा अवघड गणितं केली आहेत. तिचा अर्थ नेमका समजून घ्या: फरक मुळात नसता, तरी नुसत्या योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात सुमारे दोनदा दिसली असती. ‘माझं म्हणणं ९८ टक्के खरं’ असा तिचा अर्थ होत नाही. छापलेल्या प्रबंधांतही ही चूक सापडते.

‘करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊ नका. पैशांचा मुद्दा बाजूला ठेवा. तोंडी परीक्षेत ‘ही कसोटी का?’ असं विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. मदत घेणं वेगळं. जवळच्या कॉलेजात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असतील, त्यांच्याकडे जा, पण रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेतच सांगितलं होतं की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. आठ खान्यांचा कागद घेऊन जा आणि विचारा, “यात कुठे चुकेल?”

साधनांना खर्च नाही. सुरुवातीला एक्सेल असेल तर ते, नाहीतर फुकट मिळणारं लिब्रेऑफिस पुरे. एका ओळीत एकच जागा: बाईचा क्रमांक, वय, ठिकाण, कन्नड, शिक्षण, क्रियापद, आणि शेवटी ‘-तो/-लो’ असेल तर एक, नसेल तर शून्य. हे आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंक बहुतेक प्रोग्रॅम अक्षरं समजतात आणि बेरीज होत नाही. ‘येतो’पुढे चुकून एक मोकळी जागा राहिली तर संगणक तो वेगळा शब्द धरतो. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन करा, नाहीतर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते. याच तीन गोष्टींपायी मी विद्यार्थ्यांचे आठवडे वाया गेलेले पाहिलेत. तक्ते आणि टक्केवारी हातात बसली की मग ‘आर’ शिका. न्यूझीलंडमधल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी बनवलेली ही संगणकाची भाषा फुकट आहे आणि भाषेचे अभ्यासक जगभर तीच वापरतात. रोज रात्री पाऊण तास दिलात तर चार-सहा महिन्यांत आपला तक्ता आपण तपासण्याइतकी येते. ध्वनीवर काम करणाऱ्यांना ‘प्राट’ हे उच्चार मोजणारं सॉफ्टवेअर लागतं. तुम्हाला सध्या नको.

हा विषय नसलेल्या पण याच भीतीत असलेल्या वाचकांनाही हीच वाट चालेल. ‘पण’च्या जागी ‘खरं’ कोण म्हणतं, दुकानांच्या पाट्यांवर कुठली भाषा वर असते, मुलं आजीशी कुठल्या भाषेत बोलतात आणि भावाशी कुठल्या: जिथे दोन पर्याय आहेत आणि माणूस एक निवडतो, तिथे मोजता येतं.

ओव्यांचा विषय सुंदर आहे. पण तुम्ही त्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि ‘मी येतो’बद्दल चार पानं. विषय बदलू नका. गाइडना या आठवड्यात ११ जणींचा तक्ता करून दाखवा: प्रत्येक बाईच्या किती जागा, त्यांपैकी किती ‘-तो/-लो’. तो प्रबंधाचा निकाल नाही, सराव आहे, असं वरच लिहा. समितीच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं कशी मिळवणार हे त्यातून दिसेल.

आईचंही बोलणं रेकॉर्ड करा, सगळ्यात आधी, तासभर. खरं, त्या ४८ मध्ये तिला धरू नका. लेकीशी बोलताना ती जशी बोलते तशा त्या ४८ जणी तुमच्याशी बोलणार नाहीत.